सात समुद्रांना आवतान

हरेश : म्हणजे शकूमावशीचा विकास बोलला ते खरं. मी त्याला स्टेशनबाहेर चारचौघांत येड्यात काढला. म्हटलं, तुझी आई आणि माझी काकी, दोघी मिळून कधी पनवेलच्या पलीकडं गेल्या नाय, त्या वेस्ट इंडीजला जाणार? आणि तू इथं खुशाल सुकट भाजतेस.

मोतीबाई : भाजायला नको? कच्ची नेली तर वास सुटंल. विमानातली माणसं उठून पळतील, आणि पळणार कुठं बिचारी.

रुचिता : आजी, सुकट नेऊ देणार नाहीत म्हणून सांगितलंय ना मी.

मोतीबाई : तू मला सांगितलंस. शकूनं कुठं ऐकलंय? ती म्हणते, एक मूठ तरी पदराला बांधते, परमुलखात जिभेला काय सांगू.

हरेश : आणि तू गं रुचिता? तू इथं काय करतेस? तुझी आई समजतेय तू पार्लरला गेलीस.

रुचिता : नाही गेले.

हरेश : ते घरी बघू. काकी, आधी मला हे सांग. बार्बाडोस म्हणजे नेमकं कुठं?

मोतीबाई : समुद्रात.

हरेश : कुठल्या?

मोतीबाई : दाखव गं तुझ्या बापाला. मला त्या फोनवर बोट ठेवलं की नकाशा पळतो.

रुचिता : हे बघा पप्पा. ही वर अमेरिका. खाली ही ठिपक्यांची माळ दिसते ना, त्यातला सगळ्यात उजवीकडचा ठिपका. एकटाच बाहेर पडल्यासारखा.

हरेश : एवढुसा?

मोतीबाई : आपला कर्जत तालुका त्याहून मोठा हाय. अख्खा देश, आणि आपल्या तालुक्यात मावंल. मला तर ऐकूनच माया आली. मोठ्या देशात हरवायला होतं. इथं हरवलो तरी फिरून त्याच जागी येऊ.

हरेश : मस्करी नको गं. साखर आहे तुला. गुडघे धरतात. भिसेगावातनं बाजारात जायचं तर रेल्वेचा पूल चढताना मधी बसतेस.

मोतीबाई : बसते, पण चढते ना? विमानात तर बसूनच जायचं असतं म्हणे. पूल चढायला लागला असता तर विचार केला असता.

हरेश : फिरायचंय ना तुला? गाडी काढतो मी. अष्टविनायक करून आणतो, शकूमावशीला पण घे. गिरनारला पाठवतो. बोल.

मोतीबाई : देवाकडं मी नाय जात. देव माझ्याकडं येतात. चाळीस वर्षं झाली, हळदीच्या रात्री मांडवात बसून मी त्यांना आवतान धाडते. गावदेवीला ये म्हणते, बहिरीला ये म्हणते, एकवीरेला ये म्हणते. नद्यांना बोलावते. मग सात समुद्रांना बोलावते, एकेकाला. देव येतात, अंगात येतात कुणाच्या तरी. नद्यापण येतात, आपली उल्हास तर दर पावसाळ्यात दारापतूर येती. पण ते सात समुद्र, त्यातल्या एकानंसुद्धा आजवर तोंड दाखवलं नाय. म्हटलं, आता म्हातारी झाले, तेच येत नसतील तर आपण जाऊन यावं.

हरेश : मग अलिबाग आहे की. दोन तासांत समुद्र.

मोतीबाई : तो जवळचा. त्याला आवतानाची गरज नाय, तो फुकटचा जेवायला येतो.

रुचिता : पप्पा, त्यांनी सगळं ठरवलंय. पासपोर्ट आले दोघींचे. तिकडे उतरायला व्हिसा लागत नाही, फक्त लंडनला विमान बदलायचं त्याची परवानगी काढलीय. राहायची सोयही झालीय. एक बाई आहेत, त्यांच्या घरात मागची खोली.

हरेश : कोण बाई? ओळख ना पाळख.

मोतीबाई : ओळख झालीय. फोनवर बघितलं आमी एकमेकींना. मोठी बाई हाय, माझ्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेलं. तिला माझं कळंना, मला तिचं. मग तिनं तिची चूल दाखवली, मी माझी दाखवली. तिनं मक्याचं पीठ घाटून दाखवलं, आपल्या उकडीसारखं. मी तांदळाची भाकरी थापून दाखवली. तिकडं मासा उडतो म्हणे. पंख असतात त्याला. शकू म्हणते, पकडतात कशानं, गोफणीनं? आणि ठेवताना ती बाई मला काय म्हणाली?

रुचिता : डार्लिंग म्हणाली.

मोतीबाई : डार्लिंग. तुझ्या काकानं, देव त्याला सुखात ठेवो, जन्मात कधी म्हटलं नाय. 'अगं ए' वर पस्तीस वर्षं काढली.

हरेश : हसू नको गं रुचिता. तुला लाज वाटायला पायजे. घरात सगळं शिजत होतं आणि बापाला पत्ता नाय.

रुचिता : तुम्ही विचारलंत कधी?

हरेश : बरं. बरं. आता विचारतो. निघायचं कधी?

मोतीबाई : संक्रांत झाली की. मधले आठ दिवस राहू आणि येऊ.

हरेश : संक्रांत झाली की.

मोतीबाई : हां.

हरेश : काकी, हिचं लगीन कधी आहे?

मोतीबाई : तुला ठाऊक.

हरेश : मला ठाऊक आणि तुला नाय?

मोतीबाई : मला कसं ठाऊक असंल? मला आवतान कुठं आलंय?

हरेश : घरच्या माणसाला आवतान देतात का?

मोतीबाई : घरच्या माणसाला नाय देत. धवळारणीला देतात, हळदीचा धवळा गाणाऱ्या बाईला. ओटीत नारळ घालतात आणि विचारतात, बाई, अमक्या दिवशी आमच्याकडं हळद हाय, तू मोकळी हायस का? हे विचारल्यावर मग पत्रिका छापायला टाकतात. दामतच्या लोकांनी विचारलं, वावर्ल्याच्या लोकांनी विचारलं. खालापूरकडनं माणसं टेंपो करून विचारायला आली. माझ्या पुतण्यानं तेवढं नाय विचारलं. मला तारीख कळली ती शकूच्या सुनेच्या फोनवर. गणपती चमकत होता आणि खाली तुमची नावं गोल गोल फिरत होती.

हरेश : चुकलं. कामाच्या गडबडीत राहिलं. रेतीचे ट्रक, हे फार्महाऊसवाले एकसारखे बोंबलतात. आज नारळ आणतो. आत्ता आणतो. तू तिकीट पुढं ढकल.

मोतीबाई : नाय.

हरेश : नाय म्हणजे?

मोतीबाई : नाय म्हणजे नाय. हरेश, तू मराठी शाळेत गेलायस. संक्रांत कुठल्या महिन्यात येते?

हरेश : जानेवारीत.

मोतीबाई : बघ. आपला महिना सांग.

हरेश : पौष.

मोतीबाई : पौषात लगीन लावतात?

हरेश : आता कोण बघतं ते.

मोतीबाई : मी बघते. मीच बघते, दुसरं कोण बघणार? तुळशीचं लगीन झालं की माझी जी धावपळ सुरू होते, ती कार्तिकात आणि मार्गशीर्षात. मग माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, आज ह्याची हळद, उद्या त्याचा मांडव. आवाज बसतो, खडीसाखर चघळत गाते. मग राब भाजायचा, मग पेरा, मग लावणी, चिखलात वाकून उलटं उलटं चालायचं. मग गणपती, मग कापणी. साऱ्या वर्षात देवानं मला एक महिना दिला. पौष. ह्या महिन्यात कुणी लगीन लावत नाय, म्हणून मी मोकळी. कॅलेंडर समोर ठेवून ठरवलं मी आणि शकूनं. म्हटलं, ह्या महिन्यात आपल्याला कोण हाक मारणार? आणि हाक मारली ती तू.

हरेश : अगं, होणाऱ्या जावयाची सुट्टी तेव्हाच. दुबईला आहे तो. आणि रिसॉर्ट दुसऱ्या महिन्यात मिळत नव्हतं. पौषात रिकामं असतं म्हणून मिळालं.

मोतीबाई : रिकामं का असतं, ते विचारलंस?

हरेश : काकी.

मोतीबाई : कारण त्या महिन्यात कुणी लगीन लावत नाय.

हरेश : असं धरून बसलं तर कसं व्हायचं? जमाना बदलला. खोपोलीचे पाहुणे शिकलेले आहेत, त्यांना पौष-बिऊश चालतो.

मोतीबाई : पौष चालतो. मग धवळ्याशिवाय हळद चालत नाय का? जमाना बदलला तो निम्माच कसा बदलला रं? तुला सोयीचा तेवढा बदलला आणि माझ्या गळ्यापाशी येऊन थांबला?

हरेश : धवळ्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्यात भटजी नंतर येतो, आधी धवळारीण. तू गायल्याशिवाय हळद चढत नाय, हे मी सांगायचं तुला? शिवाय पाहुण्यांनी खास सांगितलंय. त्यांना पारंपरिक पायजे सगळं. व्हिडिओवाला मुंबईचा येणार आहे. तुला नऊवारी, नथ, मधी पितळेचं ताट, आणि मागं लायटिंग सोडणार आहेत.

मोतीबाई : मागं काय सोडणार?

रुचिता : लायटिंग, आजी. रंग बदलणारं.

मोतीबाई : मला बत्तीचा उजेड पुरतो.

हरेश : मी त्यांना शब्द दिलाय. माझी काकी म्हणजे कर्जत-खालापुरात एक नंबर, असं सांगून बसलोय. आता काय सांगू? ती वेस्ट इंडीजला गेली?

मोतीबाई : तसंच सांग. ऐकायला बरं वाटंल त्यांना, शिकलेली माणसं.

हरेश : काकी, मी हात जोडतो. मला तू वाढवलंस. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू नवीन नवरी होतीस या घरात, सतराची असशील, मला कडेवर घेऊन मांडवा-मांडवात जायचीस. तुझ्या मांडीवर झोपलोय मी धवळा ऐकत. आणि माझ्या एकुलत्या एक पोरीच्या हळदीला तुझी जागा रिकामी? लोक काय बोलतील?

मोतीबाई : बोलतील, म्हातारीला पंख फुटले. माशाला फुटतात तर मला फुटले.

हरेश : ठीक आहे. मग माझंपण ऐक. लोकांचं तोंड मी धरू शकत नाय. आपल्या वाड्यापाड्यात तुझ्यामाघारी दुसऱ्या बाईला बोलवावं लागंल. आणि एकदा दुसरी बसली त्या पाटाशी, की मान तिचा झाला. तू परत आलीस तरी मग कुणी नारळ घेऊन येणार नाय. स्वतःच्या घरची हळद जी सोडून गेली तिला कोण बोलवंल? बघ. विचार कर.

रुचिता : पप्पा, हे काय बोलताय?

मोतीबाई : बोलू दे गं. विचार केलाय मी, पोरा. तू धमकी द्यायच्या आधीच केलाय. शकू आणि मी ओट्यावर बसून केला. जाईल मान. माझ्या सासूनं मला तो मान दिला तेव्हा मी मागितला नव्हता. तिनं सांगितलं, शब्द हालवायचा नाय, सूर हालवायचा नाय, आणि कुणी बोलावलं तर नाय म्हणायचं नाय. पहिली दोन पाळली. तिसरं आज मोडते.

हरेश : पण का? एवढी काय आग लागलीय? पुढच्या वर्षी जा. बार्बाडोस कुठं पळतंय?

मोतीबाई : गुडघे पळतायत. आणि का, ते तुला सांगितलं तर हसशील.

हरेश : नाय हसत.

मोतीबाई : तुला पंचायतीतला रंगीत टीव्ही आठवतो? नवीन आणला होता. तुमी सारी पोरं तिथंच पडीक, मॅच लागली होती तिकडची. आपल्याकडं रात्र आणि तिथं टकटकीत ऊन. मी तुझं जेवण घेऊन आले होते.

हरेश : बार्बाडोसची? ती कसोटी? ती आपण हरलो. इतकुशा धावा पायजे होत्या, हातातली मॅच होती. एकामागनं एक गेले सगळे. जेवलो नव्हतो मी.

मोतीबाई : ठाऊक हाय. डबा मीच परत नेला. तुला तिथं हार दिसली. मला काय दिसलं, सांगू? मधी मधी बघायला बसलेली माणसं दाखवायचे. त्यात बायका होत्या रं. काळ्या. माझ्यासारख्या, माझ्याहून काळ्या. अंगात पिवळे झगमगीत झगे, कानात ही एवढाली सोन्याची कडी, आणि हसत होत्या तोंडाला पदर न लावता. एक तर माझ्याच बांध्याची, ती बाकड्यावर चढून नाचत होती. आणि तिच्या शेजारचा बाप्या टाळ्या वाजवत होता. कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. मी दारात डबा घेऊन उभी. माझे पाय तिथंच रुतले.

हरेश : मला आठवत नाय तू किती वेळ थांबलीस.

मोतीबाई : तू स्कोअर बघत होतास. मी मनात म्हटलं, हा मुलूख कुठला? मला तर लहानपणापासनं सांगितलं, पिवळं नेसू नको, काळेपणा उठून दिसतो. आणि ह्या बायका पिवळ्यात अशा दिसत होत्या, जशी गच्च ढगात वीज. मला बघायला आलेली माणसं चहा पिऊन जायची आणि निरोप धाडायची, पोरीचा रंग आमच्यात चालणार नाय. तुझा काका आला तो कामाला दणकट बाई पायजे म्हणून आला. माझ्या हळदीला धवळारणीनं काय गायलं ठाऊक हाय? जे सगळ्यांना गातात तेच.

*पांढऱ्या ढगाच्या अंगी कवळं ऊन चढं*
*गोऱ्या नवरीच्या अंगी पिवळी हळद पडं*

आणि मांडवातल्या बाया हसल्या. मोठ्यानं नाय. पदरात. मी पाटावर बसून ऐकत होते, हळदीचा हात गालावरनं फिरत होता.

रुचिता : आजी, हे तू मला नाही सांगितलंस.

मोतीबाई : तुला तिकीट काढायला सांगितलं. ते तेच सांगणं होतं.

हरेश : काकी, आता ह्या वयात ते मनाला लावून घेऊन काय…

मोतीबाई : मनाला लावून घेतलं असतं तर घरात बसून रडले असते. मी तर फिरायला चाललेय. पिवळं लुगडं घेतलंय बाजारातनं, हळदीच्या रंगाचं. तिथं समुद्राच्या कडेला त्या बाईच्या हातात हात घालून चालणार हाय. शकूनं निळं घेतलंय. ती म्हणते, मी समुद्रात दिसलेच नाय पायजे.

हरेश : आणि रुचिताची हळद?

मोतीबाई : रुचितालाच विचार, तिला कशी हळद पायजे. तिला विचारलंस का, आज ती पार्लरला का नाय गेली?

हरेश : त्यात काय विचारायचं? हिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हौसेनं पैसे भरलेत. सगळ्याच पोरी जातात लग्नाआधी.

रुचिता : पप्पा, त्यांनी काय भरलंय ते माहितीय तुम्हाला? चेहरा उजळायचं. तिथे कागदावर रंगांची पट्टी असते, काळ्यापासून गोऱ्यापर्यंत. मला खुर्चीत बसवून ती पट्टी माझ्या गालाला लावली मागच्या वेळी. आणि फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांनी उत्तर काय दिलं, ते त्या मुलीने मला हसत हसत वाचून दाखवलं. अजून चार घरं वर आणा, फोटोत सूनबाई मुलाशेजारी शोभली पाहिजे.

हरेश : असं लिहिलं?

रुचिता : असंच.

हरेश : आईला सांगितलंस?

रुचिता : आई म्हणाली, सोसून घे, चांगलं स्थळ आहे.

हरेश : आणि पोरगा? तो काय म्हणतो?

रुचिता : त्याला सांगितलं काल. म्हणाला, मी आईशी बोलतो. अजून फोन आला नाही.

हरेश : मग काय, लगीन मोडायचं म्हणतेस? रिसॉर्ट, पत्रिका, सगळं…

रुचिता : मोडायचं नाही म्हणत. तो बोलला तर करीन. पण त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. आणि आजीने त्या रंगीत लायटिंगमध्ये बसून, माझ्या तोंडाकडे बघत, गोरी नवरी म्हणायचं, ते मला ऐकवणार नाही. म्हणून मी तिला म्हटलं नाही की तारीख बदल. तुम्ही मला बोला हवं तर.

हरेश : पाणी दे गं जरा.

मोतीबाई : आता पाणी कसं आठवलं रं? मघापासनं तर माझ्या गुडघ्यापासनं लंडनपतूर सगळं बोललास.

हरेश : काय बोलू? तू चाललीस. ही अशी. मी सगळीकडं शब्द देऊन बसलोय. हळदीला धवळा नाय, ते मला… बाकी राहू दे, काकी. व्हिडिओ गेला खड्ड्यात. माझ्या पोरीला तुझा धवळा नाय, हे मला नाय सोसत. खरं सांगतो.

मोतीबाई : हे मघाशी का नाय बोललास? येऊन थेट लोक काय म्हणतील. ऊठ. तो भिंतीचा पाट घे.

हरेश : कशाला?

मोतीबाई : पाट घे म्हणते ना. रुचिता, हात-पाय धुऊन ये, आणि येताना फडताळातली हळदीची वाटी आण. घरची हाय, उखळात कुटलेली. तेल मी घेते. सुकटीचे हात मलापण धुवायला पायजेत, नायतर नवरीला मांजरं चाटतील.

हरेश : आत्ता? भरदुपारी? मांडव नाय, माणूस नाय, मुहूर्त नाय. काकी, अजून पौषसुद्धा लागला नाय.

मोतीबाई : म्हणूनच आत्ता. मार्गशीर्ष चालू हाय, चांगला महिना हाय, मी गाऊ शकते. माझ्या पोरीला मी माझ्या घरात, माझ्या महिन्यात हळद लावते. मग तुझ्या पौषात, तुझ्या रिसॉर्टात, तुझा मुंबईवाला तिला हवी तेवढी हळद लावू दे. ती नुसती हळद. हा धवळा.

रुचिता : आजी, मी अशी बसू? ह्याच कपड्यांत?

मोतीबाई : बस. उगवतीकडं तोंड कर. केस मागं घे, कान मोकळे ठेव. ऐकायला येऊ दे.

हरेश : पण शकूमावशी कुठं आहे? धवळा एकटीनं होत नाय. एकीनं सोडायचा आणि दुसरीनं झेलायचा.

मोतीबाई : शकू गेलीय खोपोलीला बॅग आणायला. चाकाची पायजे तिला.

हरेश : मग झेलणार कोण? हिला येत नाय.

मोतीबाई : आणि तुला?

हरेश : मला? बाप्ये झेलतात का कुठं धवळा?

मोतीबाई : माझ्या मांडीवर झोपायचास तेव्हा झोपेत ओठ हालायचे तुझे. शकू बघून हसायची. म्हणायची, ह्याला सगळा येतोय, उद्या आपल्या पोटावर पाय आणंल. ये. बस इथं तिच्या जागेवर. दार लोट, लाज वाटत असंल तर.

हरेश : दार राहू दे उघडं.

(मोतीबाईने हळदीचं बोट तेलात बुडवून रुचिताच्या कपाळाला टेकवलं, मग गालाला. चुलीवर सुकटीचा तवा निवत होता. तिने डोळे मिटले, आणि सासूला दिलेल्या तीन वचनांपैकी पहिलंही, शब्द न हालवायचं, मोडायला गळा खाकरला.)

मोतीबाई : सात समुद्रांना गं आवतान, या माझ्या दारी.

हरेश : सात समुद्रांना गं आवतान, या माझ्या दारी.

मोतीबाई : न्हाय आले तर म्हातारी येती तुमच्या घरी.

हरेश : हे कुठं होतं आधी?

मोतीबाई : झेल. मधी बोलायचं नसतं.

हरेश : न्हाय आले तर म्हातारी येती तुमच्या घरी.

मोतीबाई : काळ्या डोंगराच्या अंगी कवळं ऊन चढं.

हरेश : काळ्या डोंगराच्या अंगी कवळं ऊन चढं.

मोतीबाई : काळ्या नवरीच्या अंगी पिवळी हळद पडं.

हरेश : गोऱ्या नवरीच्या अंगी पिवळी…

मोतीबाई : चुकलास.

हरेश : हो. तोंडातच बसलंय ते.

मोतीबाई : माझ्यापण बसलं होतं. तिच्याकडं बघ, आणि परत झेल.

हरेश : काळ्या…

मोतीबाई : घे. सावकाश घे. मला कुठं आजच जायचंय?

हरेश : काळ्या नवरीच्या अंगी पिवळी हळद पडं.